आल्फ्रेड नोबेलची बिनधुराची दारू

भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाच मिनिटे उभे राहिले, तरी केसांवर, भुवयांवर, शर्टाच्या कॉलरवर कापसाचे बारीक पांढरे तंतू येऊन बसतात. वर्षानुवर्षे हे तंतू श्वासावाटे आत घेणाऱ्या कामगाराची छाती भरते, खोकला जडतो. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आणि सल्फ्युरिक या दोन आम्लांची प्रक्रिया झाल्यावर तो दिसायला कापसासारखाच राहतो, पण ठिणगी लागताच भस्सकन जळतो आणि मागे चिमूटभर राखही ठेवत नाही. बासेलचा रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने १८४६ साली हा 'गनकॉटन' जगासमोर आणला. आज रायफलीच्या काडतुसात जी दारू असते, ती मुळात हाच आम्लातून निघालेला कापूस किंवा लाकडाचा लगदा असतो.

त्या बेभरवशाच्या कापसाला शिस्त लावणाऱ्या मोजक्या माणसांत आल्फ्रेड नोबेल येतो. नोबेल म्हटले की लोकांना पारितोषिक आठवते, फार तर डायनामाइट. आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्याने रायफलीच्या दारूमागे घालवली, तिच्यापायी त्याला एक देश सोडावा लागला, एक मोठा खटला हरावा लागला, हे फारसे सांगितले जात नाही.

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ चा, स्टॉकहोममधला. बाप इमॅन्युएल हुन्नरी, पण व्यवहारात कच्चा. दिवाळे निघाल्यावर तो नशीब काढायला रशियाला गेला आणि मागे आई आंद्रिएतने किराणा दुकान चालवून मुले वाढवली. आल्फ्रेड पहिल्यापासून किरकोळ प्रकृतीचा. १८४२ साली सगळे कुटुंब सेंट पीटर्सबर्गला एकत्र आले. तिथे बापाने रशियन नौदलाला पाण्यातले सुरुंग पुरवून बरा पैसा मिळवला आणि मुलांना घरीच उत्तम शिक्षक ठेवले. सतराव्या वर्षी आल्फ्रेडला स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या पाच भाषा येत होत्या. रसायनशास्त्र त्याला झिनिन या नामांकित रशियन प्राध्यापकाने शिकवले. पुढे पॅरिसला पेलूझच्या प्रयोगशाळेत काही काळ काढला. त्याच पेलूझचा एक इटालियन शिष्य, आस्कानियो सोब्रेरो, याने १८४७ मध्ये तुरीनला नायट्रोग्लिसरीन तयार केले होते. तेलासारखा दिसणारा, गोडसर चवीचा आणि हादरा बसला तरी उडणारा हा द्रव. सोब्रेरोने त्याचा कण जिभेवर ठेवून पाहिला, तर डोके भयंकर ठणकले. ही डोकेदुखी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

क्रिमियाचे युद्ध संपले, रशियन सरकारची मागणी थांबली आणि बापाचा धंदा दुसऱ्यांदा बसला. स्वीडनला परतल्यावर आल्फ्रेडने नायट्रोग्लिसरीन हाताळण्याचा ध्यास घेतला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधल्या हेलेनेबोर्गच्या शेडमध्ये स्फोट झाला. त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी काही जण. एमिल अजून एकवीस वर्षांचाही नव्हता. काही महिन्यांतच बापाला पक्षाघाताचा झटका आला. शहराच्या हद्दीत असले काम करायला बंदी झाली, तेव्हा आल्फ्रेडने मेलारेन सरोवरात एका तराफ्यावर काम पुढे चालू ठेवले. याला जिद्द म्हणावे की निष्ठुरपणा, हे ठरवणे सोपे नाही. बहुधा त्याच्यात दोन्ही होते. तीन वर्षांनी, १८६७ मध्ये, त्याने नायट्रोग्लिसरीन एका सच्छिद्र मातीत जिरवून त्याच्या कांड्या केल्या आणि त्याला डायनामाइट हे नाव दिले. १८७५ मध्ये त्याने थोडा नायट्रेट केलेला कापूस नायट्रोग्लिसरीनमध्ये विरघळवून जेलीसारखा पदार्थ बनवला. बोगदे आणि खाणी यांसाठी तो अधिकच सोयीचा ठरला. दोन भयानक पदार्थ एकत्र आल्यावर अधिक समजूतदार वागतात, ही खूणगाठ त्याने तिथेच बांधली.

डायनामाइट खडक फोडायला चांगले, बंदुकीत मात्र ते कुचकामी, किंबहुना जीवघेणे. रायफलीला हवा असतो नियंत्रित रेटा. दारू एका क्षणात फुटली तर गोळी पुढे जाण्याऐवजी नळीच फाटेल. ती पेटली पाहिजे आणि गोळी नळीतून पुढे सरकत असताना तिच्यामागचा वायूचा दाब टिकून राहिला पाहिजे. हा सगळा खेळ सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात संपतो.

त्या काळापर्यंत हे काम काळी दारू करत होती. सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०, हे प्रमाण शतकानुशतके थोड्याफार फरकाने चालत आले होते. युरोपातल्या लढायांसाठी लागणारा सोरा मोठ्या प्रमाणावर आपल्याकडून, बिहारमधून जात असे. या दारूचा दोष असा, की जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन कणांच्या रूपात उरतो. त्यातला काही धूर होऊन बाहेर पडतो आणि बाकीचा नळीत काजळीसारखा चिकटतो. पहिल्या गोळीला स्वच्छ नळी मिळते, दहाव्या गोळीला काजळलेली. मग नेम सारखा कसा राहणार? शिवाय चार बार काढले की समोरचे काही दिसत नाही आणि शत्रूला मात्र धुरावरून आपली जागा कळते.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने गनकॉटनला ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात मऊ करून, लाटून, त्याचे पातळ पापुद्रे कापले. दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हातात त्या दारूची लेबेल रायफल आली आणि सगळ्या युरोपची झोप उडाली. नोबेल तेव्हा पॅरिसमध्येच राहत होता, शहराबाहेर सेव्रानला त्याची प्रयोगशाळा होती. त्याने वेगळी वाट धरली. उडून जाणारा द्रावक वापरण्याऐवजी त्याने नायट्रोग्लिसरीनलाच द्रावक बनवले. कापूस आणि नायट्रोग्लिसरीन जवळजवळ सारख्या प्रमाणात घेऊन, थोडा कापूर घालून, गरम रुळांमधून त्याचे तक्ते काढले आणि ते बारीक कापले. १८८७ च्या पेटंटमध्ये या दारूला त्याने बॅलिस्टाइट हे नाव दिले.

या दोघांच्या दारूतले मर्म एकच. मोकळा कापूस तंतूंचा असतो, ज्वाला त्याच्या पोकळ्यांत शिरते आणि सगळा एकदम भडकतो. तोच विरघळवून शिंगासारखा घट्ट केला की ज्वाळेला आत शिरायला जागा उरत नाही. दाणा वरून खाली, थराथराने जळतो, साबणाची वडी झिजावी तसा. म्हणजे दाणा किती जाड करायचा, चपटा की नळीसारखा पोकळ ठेवायचा, यावर जळण्याचा वेग ठरवता येतो. काळ्या दारूतही बारीक आणि जाड दाणे असत, पण तिथे इतका ताबा कधीच नव्हता.

नेमबाज आपल्या रायफलीसाठी दारू निवडतो तेव्हा आजही तो याच गोष्टीचा विचार करत असतो. युरोप-अमेरिकेत अनेक स्पर्धक वापरलेल्या पितळी नळकांडीत नवी टोपी, मोजलेली दारू आणि निवडलेली गोळी बसवून काडतुसे स्वतः भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद इथे रुजला नाही. पण त्यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. नळकांडी लहान आणि गोळी हलकी असेल तर लवकर जळणारी दारू लागते. नळकांडी मोठी आणि गोळी लांब, जड असेल तर सावकाश जळणारी. ही निवड उलटी झाली, जड गोळीमागे जलद दारू पडली, तर दाब मर्यादेबाहेर जाऊन रायफल नेमबाजाच्या तोंडाशीच फुटू शकते. म्हणून दारूच्या कारखानदाराने छापलेल्या तक्त्याबाहेर शहाणा माणूस जात नाही. दुसरे, नळकांडी बहुतांशी भरेल अशी दारू बरी. अर्धी रिकामी राहिली तर दारू कधी टोपीजवळ गोळा होते, कधी गोळीकडे सरकते आणि दर बाराला पेट वेगळा बसतो. स्पर्धेसाठी भरणारे लोक दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत तोलतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते साध्या हिशेबाने कळते. एक गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघाली आणि दुसरी ७९० ने, तर हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी ३०० मीटरवर दुसरी गोळी पावणेदोन सेंटिमीटर खाली लागते. ३०० मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे असते. अंतर वाढते तसा हा फरक झपाट्याने वाढतो, आणि हजार मीटरवर तर पदक हातचे जाते. सर्वांत वेगवान दारू ही सर्वांत चांगली दारू नव्हे. दर वेळी तोच वेग देणारी दारू चांगली.

नोबेलला हे नीट कळत होते. त्याने बॅलिस्टाइट फ्रेंच सरकारपुढे ठेवली, पण तिथे व्हिएयची दारू सरकारी होती, बाहेरच्याची कोणाला नको होती. इटलीने ती घेतली. १८८९ मध्ये ३०० टनांची मागणी नोंदवली आणि पुढे हक्कच विकत घेतले. फ्रान्स आणि इटली तेव्हा एकमेकांकडे डोळे वटारून बसले होते. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी नोबेलवर हेरगिरीचा आरोप केला. प्रयोगशाळेची झडती झाली, गोळीबाराच्या चाचण्यांची परवानगी गेली. अठरा वर्षे ज्या शहरात घर केले ते सोडून १८९१ मध्ये तो इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमोला राहायला गेला.

दुसरा घाव इंग्लंडचा. ब्रिटिश सरकारने १८८८ मध्ये स्फोटकांविषयी एक समिती नेमली होती, फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर हे तिचे सदस्य. ड्युअर म्हणजे थर्मासच्या बाटलीचा कर्ता. नोबेलने विश्वासाने त्यांना आपल्या दारूची बारीकसारीक माहिती दिली. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी स्वतःच्या नावावर कॉर्डाइटचे पेटंट घेतले. नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के, व्हॅसलीन ५ टक्के, आणि ते कालवायला ॲसिटोन. नोबेलच्या पेटंटात विरघळणाऱ्या जातीचा कापूस लिहिला होता, यांनी न विरघळणाऱ्या जातीचा घेतला. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८९५ मध्ये त्या एका विशेषणावर नोबेलची कंपनी हरली. कायद्याच्या भाषेत निकाल चुकीचा नसेलही. पण ज्याच्या घरी जेवलो त्याचेच ताट पळवले, असे नोबेलला वाटले असेल तर त्याला दोष देता येत नाही.

कॉर्डाइटने त्याचा सूड वेगळ्या तऱ्हेने उगवला. नायट्रोग्लिसरीन जास्त म्हणजे ज्वाला जास्त तापणार. ब्रिटिश लष्कराच्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतले आटे उथळ, गोलसर होते; काळ्या दारूच्या काजळीचा विचार करून ते तसे कापले होते. कॉर्डाइटच्या आचेने ते भराभर झिजू लागले आणि नेम बिघडू लागला. १८९५ मध्ये खोल, चौकोनी आट्यांची ली-एनफिल्ड आली. पुढे १९०१ मध्ये कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनच ३० टक्क्यांवर आणावे लागले. ही रायफल आणि तिची काडतुसे मग हिंदुस्थानच्या सैन्यातही आली. इथे आणखी एक अडचण होती: ऊन. दारू तापली की जलद जळते, दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत नीट चालणारे काडतूस वैशाखातल्या विदर्भात रायफलीचा खटका अडकवू शकते. म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांसाठी ब्रिटिश कंपन्या उष्ण प्रदेशाची काडतुसे वेगळी, थोडी कमी दारू घालून भरत. तापमान बदलले तरी वेग फारसा न बदलणारी दारू, हा आजच्या नेमबाजाच्या निवडीतला मोठा मुद्दा आहे, आणि आपल्या हवेत तर पहिलाच.

या दारूला वयही असते. कापसातले आम्ल पुरते धुतले गेले नाही, किंवा साठवण उष्ण जागी झाली, तर ती आतल्या आत विघटित होत जाते, तापते आणि एखाद्या दिवशी आपोआप पेटते. तुलाँ बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबेर्ते' या फ्रेंच युद्धनौका अशाच उडाल्या. म्हणून आता दारूत ते आम्ल शोषणारी द्रव्ये घालतात. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, भिवंडीपासून जवळच अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, भुसावळजवळ वरणगावला काडतुसे बनतात, भंडाऱ्याला दारू आणि स्फोटके. त्याच भंडाऱ्याच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ जण गेले. हेलेनेबोर्गला एकशे साठ वर्षे झाली, पण या धंद्यातला धोका पुरता गेलेला नाही.

आता ती डोकेदुखी. नायट्रोग्लिसरीनच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसाचे डोके पहिल्या दिवशी फुटायची वेळ येई. चार दिवसांत शरीराला सवय होई, रविवारच्या सुटीत ती मोडे आणि सोमवारी पुन्हा तेच. या दुखण्याचे नावच 'सोमवारची डोकेदुखी' पडले होते. सवय मोडू नये म्हणून काही कामगार सुटीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत त्या पदार्थाचा अंश लावून ठेवत. उलट, छातीत कळ येण्याचा त्रास असलेल्या काहींना कामावर असेपर्यंत बरे वाटे आणि सुटीत कळ येई; कधी मृत्यूही ओढवे. कारण हा पदार्थ रक्तवाहिन्या सैलावतो. मेंदूभोवतीच्या वाहिन्या सैलावल्या की डोके दुखते, हृदयाकडच्या सैलावल्या की कळ थांबते. लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने १८७९ मध्ये अगदी सूक्ष्म मात्रेत ते अंजायनाच्या रुग्णांना देऊन गुण येतो हे दाखवले.

नोबेलला तरुणपणापासून डोकेदुखी आणि अपचन होतेच. लग्न केले नाही, रेल्वेच्या डब्यात आणि प्रयोगशाळेतल्या वाफांत आयुष्य गेले. पन्नाशीनंतर छातीत कळा येऊ लागल्या. १८९६ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या डॉक्टरांनी त्याला औषध लिहून दिले: नायट्रोग्लिसरीन, पोटात घेण्यासाठी. औषधवाले आणि रुग्ण घाबरू नयेत म्हणून डॉक्टर त्याला ट्रिनिट्रिन म्हणत. आपला तरुण सहायक राग्नार सोलमन याला नोबेलने हा नियतीचा विनोद पत्राने कळवला.

हे औषध नेमके कसे काम करते ते कळायला आणखी ऐंशी वर्षे गेली. शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो रक्तवाहिनीच्या स्नायूला सैल पडण्याचा निरोप देतो. या संशोधनासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे पारितोषिक मिळाले, अर्थात नोबेलच्याच पैशातून. हृदयाच्या रुग्णांच्या खिशात असणारी जिभेखालची गोळी याच कुळातली. ती घेताना बसावे, उभे राहू नये, कारण रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. लैंगिक दुर्बलतेवरच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांबरोबर ती कधीच घेऊ नये. नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळच्या काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून, उन्हापासून दूर ठेवावी. पुडीत बांधून ठेवली तर तिचा गुण उडून जातो. आणि गोळी घेऊनही पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सान रेमोला नोबेलने समुद्रात शिरणारा एक धक्का बांधून घेतला होता आणि तिथून तो दारूच्या चाचण्या घेई. शेजारी वैतागले. मग १८९४ मध्ये त्याने स्वीडनमधला बोफोर्सचा कारखाना घेतला. आपल्याकडे हे नाव वेगळ्याच कारणाने घरोघरी पोहोचले, ते नंतरचे. तिथल्या ब्यॉर्कबोर्नच्या वाड्याशेजारी नवी प्रयोगशाळा उभी राहिली, ती सोलमनकडे सोपवली. दाणा जळत जाईल तसा दाब एकदम न चढता सांभाळला जावा, अशी दारू त्यांना हवी होती. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी त्याने पॅरिसमध्ये ते प्रसिद्ध मृत्युपत्र लिहिले आणि पुन्हा कामाला लागला. तोवर त्याच्या नावावर वेगवेगळ्या देशांत मिळून ३५५ पेटंटे जमली होती.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोफोर्सहून सान रेमोला दारूचे नमुने आले. त्यात एक दारू निव्वळ नायट्रेट केलेल्या कापसाची होती, नायट्रोग्लिसरीनचा थेंबही नसलेली. थंड जळणारी, नळी कमी झिजवणारी ही जात पुढे रायफलींसाठी सर्वांत जास्त वापरली गेली. ७ डिसेंबरला नोबेलने सोलमनला पत्र लिहिले. नमुने सुरेख आहेत, विशेषतः ती शुद्ध कापसाची दारू उत्तम वाटते, असे कळवले. प्रकृती पुन्हा बिघडल्यामुळे या ओळीही कष्टाने लिहितो आहे, पण जमेल तितक्या लवकर आपल्या आवडीच्या विषयाकडे परत येईन, असेही लिहिले. काही तासांतच त्याला मेंदूतल्या रक्तस्रावाचा झटका आला. बहुतेक सगळ्या भाषा गेल्या, तोंडी फक्त लहानपणची स्वीडिश उरली, आणि भोवतालच्या नोकरांपैकी कोणालाच ती समजत नव्हती. १० डिसेंबरच्या पहाटे तो गेला. तार मिळताच सोलमन निघाला, पण पोहोचायला उशीर झाला. ते पत्र टपालात न पडता टेबलावरच होते.